चौथी पाळी

(बिस्किटांच्या कारखान्यात पॅकिंग सुपरवायझरची काचेची केबिन. पहिली पाळी सुटत आलेली. समोर दोघी सख्ख्या बहिणी, दोघी पॅकिंगवरच्या.)

साहेब : पाळी चुकली म्हणजे? परवा तर तू रात्रपाळीला हजर होतीस. तिथंच चक्कर येऊन पडलीस ना?

धाकटी : साहेब, ती पाळी नव्हे.

साहेब : मग कुठली? कारखान्यात तीनच पाळ्या आहेत.

थोरली : बायकांना चौथी असते.

साहेब : अरे देवा! हे असलं माझ्यासमोर कशाला?

थोरली : मग कुणासमोर? पाळ्या तुम्ही लावता. आम्ही काय गेटवरच्या वॉचमनला सांगायचं?

धाकटी : ताई, मी बोलते. साहेब, दोन-दोन महिने येत नाही आणि आली की थांबत नाही. अंगात रक्त उरलं नाही, म्हणून पडले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, थायरॉइड तपासा, सोनोग्राफी करा, आणि तोवर झोपेची वेळ एकच ठेवा. एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री, हे शरीराला झेपत नसेल. म्हणून काही महिने दिवसपाळी द्या.

साहेब : झेपत नसेल! म्हणजे त्यांनाही नक्की ठाऊक नाही.

धाकटी : तपासल्याशिवाय सांगत नाहीत त्या. न तपासता सांगणारे गल्लोगल्ली आहेत.

थोरली : माझ्याकडे बघून बोलू नकोस.

धाकटी : तुझ्याकडेच बघून बोलतेय. वर्षभर तुझा काढा प्यायले. पाळी काही वेळेवर आली नाही, तोंडाची चव तेवढी गेली.

साहेब : अहो, हे सगळे मनाचे खेळ असतात. लग्न उरकून टाका हिचं, आपोआप सुरळीत होतं.

थोरली : कधीच उरकलं. जेवायला तुम्हीही होतात. दोनदा वाढून घेतलंत.

साहेब : असेल, असेल.

थोरली : आणि त्या तीन नंबरच्या मशीनचा पट्टा तुटला, तेव्हा मेकॅनिक बोलावलात. मशीनचं लग्न नाही लावलंत.

साहेब : तोंड सांभाळा, बाई. माझ्याही घरात मुलगी आहे, एकोणीस वर्षांची. परीक्षा आली की तीही पोट धरून पडते. ही नाटकं मी चांगली ओळखतो.

थोरली : ओळखता! चौथी पाळी कुठली ते आत्ता कळलं, आणि म्हणे ओळखतो.

साहेब : हे बघा, एकीला दिवसपाळी दिली की उद्या सगळ्या दारात उभ्या. चक्कर येत असेल तर हिनं घरी बसावं. माझी काही हरकत नाही.

धाकटी : तुमची कशाला असेल? घरी बसले तर औषधपाणी कोण करणार? तुम्ही?

थोरली : थांब गं. साहेब, हिच्या रात्रपाळ्या माझ्या नावावर लावा. माझी चौथी केव्हाच सुटली. मला आता तीनच.

धाकटी : ताई, तुझे गुडघे...

थोरली : गुडघ्यांची पाळी चुकत नाही, रोज नेमानं दुखतात. तू गप्प बस.

धाकटी : नाही बसत. गप्प बसूनच हे इथवर आलं.

साहेब : बरं, बरं. अदलाबदल चालते. कारण काय लिहू? घरगुती अडचण?

धाकटी : अडचण तुम्हाला आहे, लिहायला. लिहा, पाळी अनियमित आहे, म्हणून पाळी नियमित करून हवी.

साहेब : वर मॅनेजर वाचतील!

थोरली : वाचू देत. तेही आईच्याच पोटी जन्मले, मशीनमधून नाही पडले.

साहेब : घ्या, केली सही. सोमवारपासून दिवसपाळी. आणि... जरा थांबा. त्या तुमच्या डॉक्टरीणबाई रविवारी असतात का?

धाकटी : असतात. का हो?

साहेब : आमची मुलगी. गेल्या आठवड्यात जिन्यातच बसली, डोळ्यांपुढं अंधारी आली म्हणाली. परीक्षा नव्हती.

धाकटी : तिची पाळी वेळेवर येते का?

साहेब : ते... मी कधी विचारलं नाही. तिच्या आईलाही नाही.

थोरली : भोंगा झाला, साहेब. तुमची पाळी सुटली. सरळ घरी जा, आणि विचारा.