सगुणाकाकूंच्या पडवीतले इंग्रजी शब्द

“शब्द मागाहून सांग, आधी तो कुठं पाहिलास ते सांग.”

सगुणाकाकू माझ्याशी पहिल्यांदा बोलल्या, ते हे वाक्य. मी लग्न होऊन नुकतीच भोरला आले होते. आज काकूंच्या शोकसभेला तुम्ही सगळे जमलात. बायका इतक्या आल्यात की वाचनालयाची सतरंजी पुरली नाही. आणि मला बोलायला उभं केलंत. पदर सोडते, पुन्हा धरते. सांभाळून घ्या.

काकूंचे यजमान शाळेत इंग्रजी शिकवायचे. त्यांच्याकडे मुंबईहून एक साप्ताहिक यायचं, त्यात शब्दांचं कोडं असे. अमुक अक्षर असलेला इंग्रजी शब्द शोधा. दोघं मिळून शोधायची. यजमान गेले, साप्ताहिक बंद झालं. कोडं काकूंनी बंद होऊ दिलं नाही.

दर गुरुवारी दुपारी आम्ही बायका त्यांच्या पडवीत जमायचो. काकू एक अक्षर द्यायच्या. पुढच्या गुरुवारी ते अक्षर असलेला शब्द आणायचा. पुस्तकातला चालत नसे. भोरात नाहीतर आसपास, स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेला हवा. चहाच्या डब्यावर, औषधाच्या बाटलीवर, शिवणयंत्रावर, कुठंही.

एकदा ‘डी’ दिला होता. जिनं तिनं एकच शब्द आणला. आर, ई, जी, डी. साबणावर तोच, चहावर तोच, रॉकेलच्या डब्यावरही तोच. अर्थ कुणालाच माहीत नाही. काकू म्हणाल्या, “आपण कागदावर आधी श्री लिहितो ना? तसं साहेबाच्या देवाचं नाव असणार.” आम्ही कितीतरी दिवस तेच धरून चाललो. मग आमचे हे एकदा पोट धरून हसले. “अगं, तो नोंदणीचा शिक्का आहे!” मी ओशाळून काकूंना सांगितलं. त्या म्हणाल्या, “मग काय झालं? नोंदणीला नमस्कार केला. कचेरीत तरी लोक दुसरं काय करतात?”

हसा. हसलात तर काकूंना आवडेल.

ही ठकूबाई मागे बसली आहे. वेल्ह्याकडच्या धनगरवाड्यावरून लोणी घेऊन येते. तिला वाचता येत नव्हतं, पण ‘क्यू’ तिनं बरोबर ओळखला. पडवीच्या पायरीवरूनच ओरडली, “काकू, शेपटीवाला गावला!”

“कुठं गं?”

“दवाखान्यात. हिवतापाच्या बाटलीवर. लई कडू बगा!”

“मग प्यालीस, का नुसती शेपूट पाहिलीस?”

“आदी शेपूट बगितली. मंग प्याले. मंग वकले!”

तो शब्द क्विनाईन. पण काकू शब्दावर थांबल्या नाहीत. दवाखान्यात कोण कोण होतं? बाक कुठं आहे? खिडकीतून नदी दिसते का? ठकूबाई सांगत बसली, लोणी पातळ झालं.

काकू असं का विचारतात, हे कळायला मला फार वेळ लागला. आम्ही एकदा भाटघरचं धरण बघायला गेलो होतो. तिथल्या साहेबाच्या बंगल्याच्या फाटकावर पाटी होती, तिच्यात एक्स होता. एक्झिक्युटिव्ह. विसरेन म्हणून परतताना बैलगाडीत मी तेच पुटपुटत होते. हे म्हणाले, “जप चाललाय का?” गुरुवारी धावतच पडवीत गेले. काकू म्हणाल्या, “पाणी कुठवर आलंय? भिंतीवरून वारा कसा लागतो?” मी सांगत राहिले. शब्द त्यांनी विचारलाच नाही.

बायांनो, काकू पहाटेच्या देवळाखेरीज कुठं जात होत्या? विधवेचं लाल आलवण नेसून, डोक्यावरचा पदर पुढे ओढून, अंधारात जायच्या आणि उजाडायच्या आत परत. आपण डबे-बाटल्या वाचत होतो, आणि त्या पडवीत बसल्या बसल्या सगळं भोर हिंडून यायच्या. शेवटच्या आजारातही मला म्हणाल्या, “बाटली फिरव गं, मागच्या बाजूला काय छापलंय?”

मी फिरवली. बारीक अक्षर होतं. वाचून होईस्तोवर त्यांना झोप लागली.

आता मला जे बोलायचं आहे ते राहतंय. खाली बसले तर कायमचंच राहील.

अण्णा, तुम्ही काकूंचे धाकटे दीर, पुढेच बसला आहात. दहाव्याला तुम्ही म्हणालात, पडवीला आता कुलूप, तिथं भाताची पोती लावायची. घर तुमचं. गावात लोक काय बोलतात तेही मला ठाऊक आहे. विधवेच्या दारात बायका जमून इंग्रजी बरळतात, म्हणे. पण अण्णा, काकूंनंतरही या गावात आलवण नेसून घरातच कोंडलेल्या बायका आहेत. दोघी तर आज काकूंसाठी म्हणून बाहेर पडल्या, इथंच भिंतीला टेकून बसल्या आहेत. नावं घेत नाही. त्यांच्यापर्यंत भोर कोण नेणार?

दोन मिनिटं उभं राहून काकूंना नमस्कार करू. उठताय ना? थांबा, क्षणभर थांबा, एवढं बोलू द्या.

अण्णा, पोती लावा, पण एका भिंतीला लावा. आम्ही उरलेल्या जागेत बसू, अंग चोरून बसू. तुम्ही नाही म्हणणार, तुमच्या चेहऱ्यावर दिसतंय मला. तरी सगळ्यांदेखत मागते. येत्या गुरुवारी दुपारी पडवीचं दार उघडं ठेवा.