जळक्या रबराचा वास

...नाही, नाही, मान खालीच ठेवा. तुम्ही आरशात बघून बोलता ना, त्याने मान वर येते आणि मागची रेघ वाकडी जाते. येत्या शनिवारच्या कार्यक्रमाचं म्हणताय, ऐकलं मी. कान शाबूत आहेत माझे. बिघाड आहे तो डोक्यात, आणि तो कुठला हे गेल्या कार्यक्रमात अख्ख्या हॉलला तुम्हीच तर सांगितलंत माइकवरून — "आमचे हे मित्र" — मित्र म्हणालात बरं का — "लहानपणापासून फिट्सचा आजार, तरीही स्वतःच्या पायावर उभे." आता न्हावी दुसऱ्या कोणाच्या पायावर उभा राहणार, सर? बसून केस कापता येत नाहीत.

मी बोलणार नव्हतोच. तुम्हीच हात धुऊन मागे लागलात — लपवल्याने आजार मोठा होतो, एक जण बोलला की चौघांना धीर येतो, आमच्या मंडळाला तुमच्यासारखीच माणसं हवीत. घरी बायको म्हणाली, जा हो, चांगलं काम आहे, आणि ठेवणीतला शर्ट काढून दिला. गेलो. खरं तेच बोललो. गोळ्या कधी चुकवत नाही, दुकानात आजवर एकदाही फिट आली नाही, आली ती घरी, तीही बहुतेक झोपेत. कोणाला आली तर तोंडात चमचा कोंबू नका, कुशीवर वळवा, डोक्याखाली काहीतरी मऊ द्या, भोवती गर्दी करू नका — सगळं नीट सांगितलं. झालं, संपलं होतं माझं, मी खाली उतरत होतो. तेव्हा तुम्ही विचारलंत, "आणि हातात वस्तरा असताना?" लोक हसले. मीपण हसलो, बावळटासारखा. म्हटलं, मला आधी वास येतो, जळक्या रबराचा, आणि तो आला की भरपूर वेळ असतो, मी वस्तरा खाली ठेवीन आणि बाकावर जाऊन बसेन. तुम्ही उभं राहून टाळ्या वाजवल्यात. तुम्ही उठलात म्हणून सगळा हॉल उठला. बायकोच्या डोळ्यांत पाणी.

आता मला सांगा, दाढी करताना न्हावी वस्तरा किती वेळा खाली ठेवतो? तुम्ही कशाला मोजाल. फेस सुकला — ठेवला. पाणी मारायचं — ठेवला. तुरटी घ्यायची — ठेवला. हे माझ्या लक्षातच आलं नाही हो. मी सांगत होतो धीर द्यायला, आणि ऐकणाऱ्यांनी काय धरलं? यानं वस्तरा ठेवला की समजायचं, आली. दुसऱ्याच दिवशी कोपऱ्यावरचा औषधवाला आला, रोजचं गिऱ्हाईक, माझ्या गोळ्या त्याच्याच दुकानातून येतात, त्याला तर आधीपासून माहीत. एक गाल झाला, वाटीतलं पाणी गार झालं होतं म्हणून मी वस्तरा ठेवला — हा खुर्चीतून ताडकन उभा. "आला का? वास आला का?" अर्ध्या तोंडाला फेस, गळ्यात माझं कापड, थेट रस्त्यावर. हसू नका. कात्री कानाजवळ आहे.

उरलेला गाल त्यानं दादाकडून करून घेतला. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, ही दाराकडची खुर्ची त्याची, आतली माझी. आता घरी जेवायला गेलाय म्हणून मोकळं बोलतोय, त्याच्यासमोर नाही बोलत मी, त्याला वाईट वाटतं. वडिलांनी आमचं वाटून दिलेलं — कात्रीचा हात दादाचा, वस्तऱ्याचा माझा. दादाची दाढी म्हणजे कानामागे हमखास दोन केस राहणार. तरी माझी दाढीची गिऱ्हाइकं आता त्याच्यासाठी बाकावर ओळीनं बसतात, माझी खुर्ची रिकामी, मी म्हणतो या, तर — "नको नको, मला घाई नाही, तुमचं चालू द्या." माझं काय चालू द्या? मी कंगवा धूत उभा. धुतलेलाच परत धुतोय. केस कापायला बसतात एखाददुसरे, कात्रीला हरकत नाही त्यांची, पण दाढीचं नाव नाही. आणि शेजारचा किराणावाला, देवमाणूस, त्यानं काय करावं? माझ्यासाठी गल्ल्याजवळ चमचा आणून ठेवला. एवढं घसा फोडून सांगितलं त्याचं हे फळ.

थांबा, माझं संपलेलं नाही. ती पाळणाघरात कामाला असलेली पोर — तिला माझा नंबर तुम्हीच दिलात ना? फोन करते मला. न्हाणीघरात जाऊन, नळ सोडून, म्हणजे बरोबरच्या बायकांना ऐकू जाऊ नये. माझ्यासारख्याच गोळ्या तिला. शनिवारी पहिल्यांदा बोलणार म्हणून काय आनंद, काय आनंद. "काका, तुम्ही बोललात, बरं वाटलं ना नंतर?" मी म्हणतो, हो गं बाळ, फार हलकं वाटलं. शेंडी लावतो तिला, धडधडीत. नाहीतर काय सांगू? दिवसभर लोकांची तान्ही पोरं कडेवर घेते ती. बोलेल बिचारी छान, तुम्ही टाळ्या वाजवाल, आणि ती खाली उतरायला लागली की माइक हातात घेऊन विचाराल, "आणि कडेवर मूल असताना?" विचाराल. तुम्हाला राहवणार नाही. सोमवारी एक आई तिच्याकडे मूल सोडणार नाही, आणि तिला तर दादापण नाही दाराकडच्या खुर्चीत. म्हणून म्हणतो, मी येणार नाही. तिलाही येऊ देणार नाही.

काय? सगळेच तसे नसतात? म्हणजे तुमच्यासारखेही असतात, असंच ना? बरं. मान वर करा. गाल इकडे. ही दाढी आज सकाळची, चौकापलीकडच्या नव्या दुकानातली. कसं कळलं म्हणजे? डावा कल्ला उजव्यापेक्षा नखभर वर आहे. तो डावखुरा आहे, त्याच्याकडून येणाऱ्या प्रत्येकाचा असाच असतो. आणि हनुवटीखाली केसांचा भोवरा आहे तुमचा, तिथं त्यानं उलटा हात मारला म्हणून हे लाल पुरळ. दर वेळी असतं. तुम्ही दर वेळी माझ्याकडे केस कापायला येता, या खुर्चीत, सगळ्यांच्या देखत, आणि दर वेळी आधी तिकडून दाढी उरकून. घरून जेवून पाहुणचाराला जावं तसं. मी कधी बोललो नाही. म्हटलं, येतोय तरी माणूस. — वाटेवर पडतं? तुमचं घर मागच्या गल्लीत, सर. वाटेवर माझं दुकान पडतं.

रागावलो नाही. रागावलोच आहे, पण ते असू द्या. असं करू. जबड्याखाली खुंट राहिलेत तुमचे, ते मी काढून देतो. तुम्ही काही करायचं नाही, नुसतं बसायचं. बसलात, तर मी शनिवारी येतो, तो शर्ट घालून येतो, तुम्ही म्हणाल ते बोलतो. त्या पोरीलाही सांगतो, बोल, भिऊ नको, माणसं चांगली असतात. कबूल? नीट सांगा. हं. मग डोकं मागे टेकवा.

पाणी कोमट आहे. फेस जाड लावतो, पुरळाला बरं. हे बघा, नवं पातं, तुमच्यासमोर कागद काढला. बऱ्याच महिन्यांनी घेतोय हा हातात — कोणाची केलीच नाही ना. माझी? माझी मी मशीननं करतो. ते आपलं सोयीचं पडतं. ...सोयीचं कसलं डोंबल. एका सकाळी नेहमीसारखा आरशासमोर उभा राहिलो, फेस लावला, गालावरून गळ्याशी आलो आणि हात थांबला. वासबीस काही नव्हता. तरी हुंगत राहिलो. फेस सुकला तोंडावर तरी आपला हुंगतोय, कुत्र्यासारखा. बायकोनं बाहेरून हाक मारली, झालं का म्हणून, तर म्हटलं, झालं. अर्धी तशीच ठेवून कामाला आलो. इतकी वर्षं हा आजार आहे, सर, मला माझ्या हाताची भीती कधी वाटली नव्हती. ती तुमच्या हॉलमधून घरी घेऊन आलो मी. हे तुम्हाला सांगायचं नव्हतं. तुमचं काय जातंय, उद्या हेही माइकवरून सांगाल. हलू नका.

गाल सैल सोडा. हा एक हात. झालं काही? हा दुसरा. हात हलका आहे अजून, नाही? मला वाटलं गेला असेल. छान. आता हनुवटी वर, गळ्याचं तेवढं राहिलं, इथं जरा — सर. मनगट सोडा माझं. सर, सोडा. वस्तऱ्याचा हात धरायचा नसतो गिऱ्हाइकानं, कापतं ते त्यानंच कापतं. हळू. एकेक बोट. असं.

नाही, लागलं नाही तुम्हाला. रक्त नाही, तो फेस आहे. परत? परत कशाला? आता डोळे मिटून, दात आवळून बसाल, तेही जमेल तुम्हाला, कबूल केलंय म्हणून. तसं बसलेलं माणूस मला नको. हा पंचा घ्या, तोंड पुसा. गळ्याचे खुंट राहू द्या, पलीकडचा काढेल. मी शनिवारी येत नाही. त्या पोरीला फोन मीच करतो, आत्ता करतो, काय सांगणार ते तुम्हाला कळलंय. माफी नको. उठा. खुर्ची मोकळी करा. — बाकावर कोणी नाही, दिसतंय मला. तरी मोकळी करा.