पानावर धरलेला हात

मंडळी, कीर्तनाला बसलात, तर एक सांगा. माणूस ‘हो’ म्हणाला, पण कशाला म्हणाला हे त्यालाच ठाऊक नाही, तर तो होकार खरा का? माना डोलवू नका, आधी ऐका.

वाईला दिगंबर खरे म्हणून आचारी. लग्नाची पंगत उठवावी तर त्यानेच. नेम एकच – पानावर आडवा हात दिसला की वाढप्याने पुढे सरकायचं. एकाने आग्रहाच्या भरात त्या हातावरच जिलबी ठेवली, तर दिगंबरने त्या वाढप्याच्या हातातलं जिलबीचं ताट काढून घेतलं आणि पाणी वाढायला धाडलं!

अशा दिगंबरने वेबसाइट काढली. उघडली की पाटी – ‘आपला अनुभव समृद्ध करण्यासाठी आम्ही कुकीज वापरतो.’ खाली ‘सगळं मान्य’, हिरवं बटण, पुरणपोळीएवढं. कोपऱ्यात राखाडी ‘पर्याय’, मोहरीएवढं. कुकी म्हणजे खायची नव्हे हो, गोखलेकाका! मोबाइलमध्ये ठेवून दिलेली चिठ्ठी. काही चिठ्ठ्या कामाच्या, काही जाहिरातवाल्यांकडे चुगली करणाऱ्या.

इंदूताई धवळीकरांच्या घरची सगळी लग्नं दिगंबरकडे. आता नातीचं. बोलणी अजून घरातच होती. ताईंनी जेवणाचे बेत बघायला साइट उघडली, हिरवं बटण दाबलं. दोन दिवसांनी शेजारीण त्यांच्या मोबाइलवर लोणच्याची कृती बघत होती, तर मध्येच शालू, मुंडावळ्या, मंगल कार्यालय!

“काय हो इंदूताई, कुणाचं ठरलं?”

संध्याकाळपर्यंत आळीभर बातमी. ताई तडक दिगंबरच्या दारात.

“यंदाचं लग्न दुसऱ्याला देतेय.”

दिगंबर म्हणाला, “अहो ताई, ‘मान्य’ तुम्हीच दाबलंत.”

“दुसरं बटण दिसलं कुठे? मीठ-लिंबू तू न विचारता वाढतोस, ते ठीक. पण जिलबी नाव घेऊन विचारतोस ना? मग इथे अख्खं ताट माझ्या पानात का पालथं केलंस?”

दिगंबरला तो वाढपी आठवला. या खेपेला वाढपी तो स्वतःच होता. आता ताट कोण काढून घेणार?

साइट करणाऱ्या मुलीला तो म्हणाला, “पंगतीसारखं मांड.” नवी पाटी लागली – ‘साइट चालण्यापुरती चिठ्ठी ठेवतो, ती मिठासारखी, लागतेच. तुम्ही काय पाहता ते जाहिरातवाल्यांना कळवू का?’ खाली ‘हो’ आणि ‘नको’, एकाच मापाची.

मुलगी म्हणाली, “काका, निम्मे लोक नको म्हणतील.”

“म्हणू देत. नको म्हणणारा काही पंगतीतून उठून जात नाही.”

दिगंबर ताईंकडे गेला, नवी पाटी बघा म्हणाला. ताईंनी मोबाइल उघडला. ‘नको’ दाबलं. जेवणाचे बेत तरीही दिसले. चष्मा काढून म्हणाल्या, “मठ्ठा जरा जास्त कर.”

हसलात? मग आपापल्या घरी चला. लग्नाच्या मुलीला आपण विचारतो, “स्थळ पसंत आहे ना?” त्यातलं ‘हो’ पुरणपोळीएवढं आणि ‘नाही’ मोहरीएवढं! विचारायचं तर दोन्ही बटणं सारखी ठेवून विचारा.

आता हरीचं नाव घ्या, मनापासून असेल तर. मागाहून प्रसाद आहे. पुरे झालं की पानावर हात धरा. वाढायला दिगंबर आहे, तो थांबेल.