उंबऱ्यामागं पाच भाकरी

मंडळी, आज एकच प्रश्न घेऊन उभा आहे. गाव कोणाचं? ज्याचा आजा इथं मेला त्याचं, की ज्याची चूल आज इथं पेटते त्याचं? लगेच माना डोलवू नका! आमटीचा वास मलाही येतोय, तेव्हा तुमचं लक्ष कुठं आहे ते मला ठाऊक आहे. आधी ऐका.

कवठेमळा नावाचं गाव होतं. होतं म्हणतो, कारण शहर वाढत वाढत आलं आणि गावाला पोटात घेऊन पुढं गेलं. मळ्यांवर टॉवर उभे राहिले. मूळची माणसं टॉवरमध्ये गेली, पोरं परदेशी गेली. आणि जुनी घरं? भाड्यानं! कुठं बिहारचा फरशीवाला, कुठं कलबुर्गीचा गवंडी. सकाळी नळावर गेलात तर चार भाषांत भांडण ऐकायला मिळायचं — पाणी मात्र कुठल्याच भाषेत यायचं नाही!

पण सप्ताह चालू होता. शेवटच्या दिवशी देवळापुढं कढईत आमटी शिजायची, अन् भाकरी गावातून यायची. रिवाज असा, की उंबऱ्यामागं पाच भाकरी. टेम्पो फिरायचा, दारात हाक पडायची — "पंगतीची भाकरी, माय!"

त्या कढईचा मान गेनूतात्यांचा. माणूस सच्चा, पण ताठ. तात्यांनी टेम्पोवाल्याला बजावून ठेवलेलं — "भाडेकऱ्यांची दारं सोडायची. पंगत गावाची आहे."

आता मला सांगा, मूळचे उंबरे किती उरले असतील? वर्षागणिक भाकरी घटत चालली. शेवटी कमिटी म्हणाली, "तात्या, यंदा पंगत उपाशी उठली तर पुढच्या साली सप्ताह बंद."

आणि तो दिवस उजाडला. आमटी उकळतेय, पानं मांडलीत, माणसं बसलीत. टेम्पो आला — निम्मासुद्धा भरला नव्हता! तात्या कढईपाशी मटकन खाली बसले. बापाच्या हातचा डाव हातात, आणि डोळ्यांत पाणी. म्हणाले, "माझ्याच हातानं बुडालं गं सगळं."

ठकूकाकू, तात्यांची बायको, मीठ घालत होती. ती म्हणाली, "रडताय कशाला? रिवाज उंबऱ्याचा हाय ना? माणसं गेली असतील, उंबरे तर हायेत तिथंच. उठा, हाक मारा."

"मी? त्यांच्या दारात?"

"तुम्हीच अडवलंत, तुम्हीच जा."

गेले तात्या. पहिलं दार कुणाचं? त्यांच्याच जुन्या घराचं! तिथं फूलमती राहायची, फरशीवाल्याची बायको. ज्या उंबऱ्यावर तात्या रांगले, त्याच्या बाहेर पदर पसरल्यासारखं उपरणं पसरून उभे राहिले. कसंबसं म्हणाले, "पंगतीची भाकरी, माय..."

दार तत्काळ उघडलं. फूलमतीच्या हातात फडक्यात बांधलेली गरम चवड!

तात्या चक्रावले. "तुला कोणी सांगितलं?"

"कोणी नाही, तात्या. मी दरसाल बनवते. टेम्पो येतो, पुढं जातो. मग आम्हीच खातो." आणि जरा भीत म्हणाली, "रोटी आहे. भाकरी मला जमत नाही. चालेल ना?"

तात्यांनी ती चवड उपरण्यात घेतली. ते उपरणं कपाळाला लावून म्हणाले, "चालेल, लेकी. लई उशीर केला मी."

मग काय! हाकेमागं हाक, दारामागं दार. कलबुर्गीची कडक भाकरी आली, कुणाचे ठेपले आले, एकीनं तर भातच आणला. आमटीनं कुणाला नाही म्हटलं नाही. पंगत उठली ती पोट भरून, आणि तात्यांनी पहिला घास फूलमतीच्या रोटीचा खाल्ला. कित्येक वर्षांनी त्यांचा जीव हलका झाला होता.

तर मंडळी, गोष्ट कवठेमळ्याची, पण टेम्पो तुमचाही मघाशी फिरून आलाय. मी पाहिला. मागच्या गल्लीत वळलाच नाही तो! तिथं कुणीतरी मळलेली कणीक झाकून, कान दाराशी लावून बसलं असेल.

पंगतीला अजून वेळ आहे. नाव विठ्ठलाचं घ्या, जरूर घ्या — पण त्या गल्लीकडं चालता चालता घ्या. उठा.