मारुतीचं तेल आन् दालमिलची चेन

चेन विकता विकता मले एकदा देवाधर्मातबी पडा लागलं, आयका. अकोल्यात रामदासभाऊची दालमिल हाय. तिथं डाळ पुढं नेणाऱ्या पट्ट्याची चेन दातेरी चाकावरून सारखी उडे. उडाली का मिल बंद, आन् भाऊचा मले फोन, "कशी चेन देली बे तू?"

मी चेन बदलली, चाकबी बदललं. काही दिवसांनी पुन्हा तेच! मंग मले राहावेना. चेन खोलून हातात वाकवून पायली, त कड्या लाकडासारख्या ताठ. वास घेतला, त जवसाचं तेल!

"भाऊ, हे कोनं टाकलं?"

"मीच. दर शनिवारी मारुतीले वाहतो, उरलेलं चेनले देतो. घरच्या जवसाचं हाय, एकदम शुद्ध!"

"अवो, हे तेल वाळून डिंकासारखं होते. वरतून डाळीचा भुसा चिपकते. कड्या वळतीन कशा?"

भाऊ भडकला. "मारुतीले इतक्या वर्सांपासून चालते, आन् तुह्या चेनलेच काहून चालत नाही?"

मी हात जोडले. "भाऊ, मारुती जागचा हालत नाही. चेनले दिवसभर फिरा लागते!"