सेक्रेटरीचा नवरा

(भाईंदर. पोस्टामागची युनियनची खोली. गेटवरची सभा संपली आहे, कमिटी चहाला गेली आहे.)

सुगंधा : अहो, घरी बोलू ना. कमिटी येईल आता चहा पिऊन.

शिवदास : घरी नको. घरी तू बायको. मी मेंबर म्हणून आलोय, सेक्रेटरीकडे.

सुगंधा : बरं. बसा, मेंबर.

शिवदास : माझी बीट काढली. मोरवा, मुर्धा, दोन्ही गावांचं सगळं टपाल आता दुसरा वाटणार. मला मीरा रोडचे टॉवर. तुमच्या कमिटीतली हेमाली म्हणाली, युनियननं मान्य केलंय.

सुगंधा : मीच मान्य केलंय. ज्यांची बीट वर्षानुवर्षं एकच, त्या सगळ्यांची बदलायची ठरली. त्यात तुम्ही सगळ्यात जुने.

शिवदास : मला आधी सांगायचंस.

सुगंधा : मग बाकीच्यांनाही आधी सांगायला घरी बोलवावं लागलं असतं. जेवायलाच.

शिवदास : मुर्ध्यात म्हाताऱ्या दारात बसलेल्या असतात. 'शिवदास, माजं काय हाय का न्हाय रं?' नसलं तरी पाणी देतात. टॉवरमध्ये वॉचमन म्हणतो, नीचे बॉक्स में डाल दो. माणसाचं तोंड दिसत नाही.

सुगंधा : कळतंय मला.

शिवदास : त्या नव्या पोस्टमनची, साहिलची बदली बरी थांबवलीस. आज गेटवर सगळे सुगंधाताई, सुगंधाताई करत होते. साहेब स्वतः खाली आले.

सुगंधा : साहिलची बदली नियमाबाहेर होती. तुमची बीट नियमात गेली.

शिवदास : त्याचा फोन आला की ताटावरून उठतेस. माझं एक वाक्य पुरं ऐकत नाहीस.

सुगंधा : साहिल आपल्या पोराच्या वयाचा आहे.

शिवदास : साहिलचं नाही गं. सगळ्यांचंच म्हणतोय.

सुगंधा : आज टाळ्या नाही वाजवल्यात तुम्ही.

शिवदास : मागे होतो मी.

सुगंधा : पाहिलं ना. हात खिशात होते.

शिवदास : तुला इथे आणलं कोणी? कमिटीत बायकांची एक जागा होती, कोणी नाव देईना, म्हणून मी तुझं दिलं. म्हटलं, सही तू करशील, बाकी मी बघीन.

सुगंधा : आणि मीच बघायला लागले.

शिवदास : आधी जॉइंट सेक्रेटरी, मग सेक्रेटरी. मला कोणी विचारलं पण नाही.

सुगंधा : आधीच्या दोन्ही सेक्रेटरींची भाषणं तुम्हीच लिहायचात. टाळ्या त्यांना मिळायच्या. तेव्हा कधी काही वाटलं नाही. राग माझ्यावरच का?

शिवदास : ते माझ्या घरी राहत नव्हते. तू हार घालून येतेस, खुंटीला लावतेस आणि कुकर चढवतेस. जसं काही झालंच नाही. मग मी कुठे बघू?

सुगंधा : ऐका. तुमचा विषय आज कमिटीपुढे ठेवते. पण तो निघाला की मी खोलीबाहेर जाणार. नवऱ्याची बाजू मीच मांडली, तर उद्या साहेब माझं कशाला ऐकतील?

शिवदास : मग मांडणार कोण?

सुगंधा : तुम्ही.

शिवदास : लिहून देतो. हेमाली वाचेल.

सुगंधा : नाही. आत्ता मला सांगितलंत, तसंच सांगायचं.

शिवदास : माहितीय तुला. चारचौघांत उभा राहिलो की घसा बंद होतो. नाहीतर मीच नसतो उभा राहिलो निवडणुकीला?

सुगंधा : माहितीय.

शिवदास : तुझा तर पहिल्या दिवशीही नाही झाला.

सुगंधा : झाला होता. तुम्ही लिहिलेलं भाषण हातात होतं, आणि एक अक्षर दिसेना. मग सुचेल ते बोलले.

शिवदास : मला वाटलं, तुला ते आवडलं नाही, म्हणून वाचलं नाहीस.

सुगंधा : मग विचारायचंत ना. आले वाटतं ते, जिन्यात आवाज येतोय.

शिवदास : लांब जाऊ नकोस.

सुगंधा : दाराबाहेरच आहे. मला ऐकू येईल एवढ्या मोठ्यानं बोला.