लाल कार्ड

आकुर्डीच्या बसथांब्यावर तपासायच्या वह्या सांभाळत उभ्या असलेल्या स्वरूपाच्या पुढेच म्हातारे बबनराव आणि कंपनीच्या गणवेशातला रोहिदास बोलत होते.

“डोक्याला मार लागलेली तुझी उत्कर्षा आता कशी हाय रं?”

“शाळेत जाते, बाबा. थेरपीच्या मॅडम शाळेतच येतात. पण बोलताना शब्द अडकला की रडायची.”

“मग?”

“कंपनीत आमच्या जोडणीच्या लाइनवर काम अडलं की आम्ही दोरी ओढतो. लाल दिवा लागतो, लाइन थांबते. कुणी ओरडत नाही, उलट मदतीला धावतात. मी ते मॅडमना सांगितलं. त्यांनी तिच्या बाकावर लाल कार्ड ठेवलं. तिनं उचललं की अख्खा वर्ग थांबतो.”

“पोरं हसत न्हाईत व्हय?”

“हसतात कसली! महिन्याभरात सगळ्यांनीच कार्डं मागून घेतली.”

“आन् हा पेढ्यांचा पुडा कशापायी? आज तिनं कार्ड उचललंच न्हाई का काय?”

“आज गणिताच्या बाईंनी उचललं. फळ्यावरचं गणित त्यांनाच सुटेना.”

“आरं तिच्या! मग सोडवलं कुणी?”

“पेढा घ्या, बाबा. तुम्हीही घ्या, ताई.”

वह्यांचा गठ्ठा काखेत मारून स्वरूपानं हात आधीच पुढे केला होता.